भंडारा पिवळाच राहावा म्हणून: फोटो एक्सपोर्ट करताना रंग आणि शार्पनेस कसा सांभाळायचा

सोमवती अमावास्येला जेजुरीत काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. पालखी गड उतरते आहे, वरून भंडारा उधळला जातोय, मागे दीपमाळांचा काळा दगड. माझ्या लॅपटॉपवर तो भंडारा अगदी हळदीच्या रंगाचा दिसत होता आणि हवेतला एकेक लोट वेगळा ओळखू येत होता. धाकट्या भावाला फोटो पाठवला, तर त्याच्या फोनवर सगळं लिंबू सरबत. लॅबमधून १२×१८ ची प्रिंट आणली, तर लोटांच्या जागी मोहरीच्या रंगाचा सपाट पट्टा आणि पालखीखालचे चेहरे अंधारात. शेवटी तोच फोटो दहा ग्रुपवर फिरून माझ्याकडे परत आला, तेव्हा पायऱ्यांच्या कडा पुसट झालेल्या होत्या आणि भंडाऱ्यात चौकटी दिसत होत्या.

लॅबमध्ये जाऊन मी भांडलोही. घरी येऊन फाइल तपासली तेव्हा निम्म्याहून जास्त चूक माझीच निघाली. फाइल ॲडोबी आरजीबीत (रंग आकड्यांत लिहिण्याच्या एका मोठ्या मोजपट्टीत) होती, प्रिंटच्या मापाला कापलेली नव्हती आणि लॅपटॉपचा ब्राइटनेस पार वर चढवून मी एडिट केलं होतं.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली आहे. एक्सपोर्टनंतर फोटो बिघडतो, कारण काही गोष्टी ठरवायच्या आपण राहून गेलेलो असतो आणि पुढचं कुणीतरी त्या अंदाजाने ठरवतं. आकार आपण ठरवला नाही तर ॲप ठरवतं आणि तिथे शार्पनेस जातो. रंगाची भाषा आपण सांगितली नाही तर ब्राउझर किंवा लॅबचं मशीन ती गृहीत धरतं आणि तिथे रंग जातो. पुढचा सगळा खटाटोप त्या अंदाजाला जागा न ठेवण्यासाठी आहे. एडिटिंगसाठी मी लाइटरूम क्लासिक हे सॉफ्टवेअर वापरतो, त्यामुळे बटणांची नावं तिथली आहेत. फोटोशॉप, डार्कटेबल किंवा रॉथेरपी वापरणाऱ्यांसाठी वेगळं काही असेल तिथे सांगत जाईन.

आधी पडदा, मग फोटो

पडदाच खोटं बोलत असेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. प्रिंट काळपट आली ही तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, लॅपटॉपचा ब्राइटनेस किती असतो? बरेच लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसला ३०० निट्सच्या (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) वर जातात. प्रिंटसाठी एडिट करताना पडदा ८० ते १२० निट्सच्या आसपास हवा. उजळ पडद्यावर सावल्यांतले चेहरे आपोआप उघडे दिसतात, म्हणून आपण ते उचलत नाही. कागद मात्र स्वतः उजेड देत नाही.

कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून ठीक करणारं यंत्र) असेल तर लक्ष्य साधं ठेवा: व्हाइट पॉइंट डी६५ म्हणजे ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड १०० ते १२० निट्स. डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं यंत्र, दोन्ही हे काम नीट करतात. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा लागणारी वस्तू आहे, त्यामुळे तीन-चार मित्रांत मिळून एक घेतली तरी चालते.

यंत्र नसेल तर निदान एवढं करा. नाइट लाइट, ट्रू टोन, डोळ्यांना आराम देणारा पिवळट मोड, सगळं बंद. ऑटो ब्राइटनेस बंद. पडद्यावर रिकामी पांढरी विंडो उघडा आणि शेजारी खिडकीच्या उजेडात कोरा पांढरा कागद धरा. विंडो दिव्यासारखी झळकत असेल तर ब्राइटनेस कागदाच्या जवळ येईपर्यंत खाली आणा. हे मोजमाप नाही, पण अर्धी लढाई इथेच जिंकली जाते. खोलीतला उजेडही रोज तोच ठेवा. दुपारी खिडकीशी आणि रात्री अंधारात केलेली एडिटिंग एकमेकांशी कधीच जुळत नाही.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पडद्यापुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल, तर तो पडदा एसआरजीबीतले, म्हणजे पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगांच्या चौकटीतले, सगळे रंगही दाखवू शकत नाही. अशा पडद्यावर कुंकू आणि भगवा फिका दिसतो, आपण सॅच्युरेशन चढवत जातो आणि चांगल्या फोनवर तो फोटो भडक होऊन बसतो. उलट जास्त रंग दाखवणाऱ्या महागड्या वाइड गॅमट मॉनिटरवर, रंगांचं प्रोफाइल (फाइलमधले आकडे कुठल्या मोजपट्टीचे ते सांगणारी चिठ्ठी) न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साधा फोटोही भडक दिसतो. आपला पडदा कुठल्या जातीचा आहे ते एकदा शोधून ठेवा.

पिवळ्याची खरी अडचण

इथे थोडं थांबायला हवं, कारण भंडारा, झेंडूच्या माळा, भगवी पताका, पैठणीची गुलाबी छटा अशा आपल्या सणांतल्या बहुतेक रंगांचं दुखणं एकच आहे.

एसआरजीबी ही रंगांची चौकट एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये, त्या वेळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांचा हिशेब धरून मांडली. १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. चौकट लहान आहे. लाइटरूम आत काम करतं ते प्रोफोटोच्या प्रचंड मोठ्या चौकटीत. उन्हातला हळदीचा गडद पिवळा त्या मोठ्या चौकटीत आरामात बसतो, एसआरजीबीच्या मात्र काठावर किंवा काठाबाहेर जातो. एक्सपोर्ट करताना काय होतं ते आकड्यांत पाहा. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ शून्य. लाल वाहिनी २५५ ला टेकली आणि निळी ० ला बसली, की उरली एकटी हिरवी. भंडाऱ्याच्या लोटांमधला उठाव तीन वाहिन्यांनी मिळून दाखवायचा असतो, तो आता एकीवर आला. लोट जाऊन पट्टा उरतो तो इथे. कॅमेऱ्याचा किंवा लॅबचा त्यात दोष नाही.

पुष्कळांना वाटतं, रेंडरिंग इंटेंट (चौकटीबाहेरच्या रंगांचं काय करायचं तो पर्याय) ‘परसेप्च्युअल’ ठेवला की सॉफ्टवेअर रंग हळुवारपणे आत ओढून घेईल. छपाईच्या प्रोफाइलसाठी ते खरं आहे. नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलमध्ये तो तक्ताच नसतो, त्यामुळे काहीही निवडलं तरी बाहेरचे रंग सरळ काठावर कापले जातात. आत ओढण्याचं काम आपल्यालाच करायचं आहे.

मी ते असं करतो. डेव्हलपमध्ये एस दाबून सॉफ्ट प्रूफिंग (एक्सपोर्टनंतर रंग कसे दिसतील त्याची झलक) चालू करायचं आणि प्रोफाइल एसआरजीबी निवडायचं. आता हिस्टोग्रॅम, म्हणजे उजेड आणि रंगांचा आलेख, त्या चौकटीचा दिसतो. हिस्टोग्रॅमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातली खूण दाबली की चौकटीबाहेर जाणारे भाग रंगून दिसतात. माझ्या फोटोत जवळजवळ अर्धा भंडारा रंगला होता. मग प्रूफ कॉपी करून एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलण्याच्या पट्ट्यांत) पिवळ्याचं सॅच्युरेशन १० ते २० ने खाली, ल्युमिनन्स ५ ते १० ने खाली. भंडाऱ्यात नारिंगी झाक असते, म्हणून ऑरेंजलाही थोडं तसंच. चेहरेही त्याच ऑरेंजमध्ये येतात. ते मेल्यासारखे दिसू लागले तर एचएसएल सोडा आणि कलर रेंजच्या मास्कने फक्त भंडारा पकडा. इशारा पूर्ण पुसायचा अट्टाहास नको. लोट पुन्हा वेगळे दिसू लागले की पुरे.

गंमत म्हणजे सॅच्युरेशन कमी केल्यावर भंडारा जास्त पिवळा वाटतो. रंग डोळ्याला भरतो तो त्यातल्या चढउतारामुळे.

व्हाइट बॅलन्सचाही इथे सापळा आहे. सगळी फ्रेम पिवळी झाली की ऑटो व्हाइट बॅलन्स तिला निळ्याकडे ओढतो, आणि पालखी उतरताना काढलेल्या चाळीस फोटोंत चाळीस वेगळे पिवळे तयार होतात. एका उजेडातला एक फोटो निवडा, त्यातल्या भंडारा न लागलेल्या पांढऱ्या धोतरावर किंवा टोपीवर ड्रॉपर टेका आणि तोच आकडा त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना सिंक करा. कॅमेरा प्रोफाइलही सगळ्यांना एकच हवं. अर्ध्यांना ॲडोबी कलर आणि अर्ध्यांना कॅमेरा स्टँडर्ड लावून एक्सपोर्टमध्ये एकसारखेपणा शोधायला जाऊ नका.

बाहेर जाणाऱ्या फाइलची भाषा

घराबाहेर जाणारी फाइल एसआरजीबीत आणि प्रोफाइल फाइलमध्येच बसवलेलं. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा हेच उत्तर आहे.

कारण एका रंगावरून कळेल. एसआरजीबीतला पूर्ण लाल म्हणजे २५५, ०, ०. तोच लाल ॲडोबी आरजीबीत लिहिला तर आकडा होतो २१९, ०, ०. रंग एकच, फक्त मोजपट्टी वेगळी. वाटेत एखाद्या सॉफ्टवेअरने प्रोफाइल काढून टाकलं, किंवा ते वाचलंच नाही, तर पुढचा माणूस २१९ हा आकडा एसआरजीबीचा समजतो. कुंकवाचा लाल विटकरी होतो, चेहरे आजारी दिसतात. फोटो डल आला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा झालेलं असतं ते हे. प्रोफोटोत हीच चूक आणखी वाईट दिसते.

कॅमेऱ्यात जेपीजी काढणाऱ्यांनी फाइलच्या नावाकडे बघावं. नावाची सुरुवात अंडरस्कोअरने होत असेल तर कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर लावलेला आहे. मेन्यूत जाऊन एसआरजीबी करा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, काढत असाल तर या सेटिंगने रॉ फाइलला काही होत नाही.

फोटोशॉपमध्ये दोन आज्ञा शेजारीशेजारी आहेत आणि त्यांची गल्लत फार महागात पडते. ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ आकडे बदलतं आणि रंग जागेवर ठेवतं. ‘असाइन प्रोफाइल’ आकडे तसेच ठेवून रंगांचा अर्थ बदलतं. एक्सपोर्टसाठी नेहमी कन्व्हर्ट. फोटो अचानक फिका किंवा भडक झाला तर असाइन दाबलं गेलंय असं समजा आणि अनडू करा.

डिस्प्ले पी३ या एसआरजीबीपेक्षा मोठ्या चौकटीबद्दल विचारणा वाढली आहे, कारण २०१६ च्या आयफोन ७ पासून ॲपलच्या फोनांचे पडदे त्या चौकटीचे आहेत आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांचेही. समोरचा माणूस कुठल्या पडद्यावर बघणार हे नक्की माहीत असेल तर पी३ द्या, भंडारा खरंच खुलतो. माहीत नसेल तर देऊ नका. एक्सपोर्टमधली एचडीआर आउटपुटची (जास्त उजळ पडद्यांसाठीच्या फाइलची) खूणही मुद्दाम हवी असेल तेव्हाच लावा, नाहीतर तोच फोटो एका फोनवर झगझगीत आणि दुसऱ्यावर साधा दिसतो.

आकार: पिक्सेल मोजा, डीपीआय विसरा

डीपीआयवरून जितके वाद मी ऐकलेत तितके लेन्सवरूनही नाहीत. पडद्यावर बघायच्या फोटोसाठी पीपीआयच्या (एका इंचात किती पिक्सेल; बोलण्यात त्यालाच डीपीआय म्हणतात) चौकटीत ७२ लिहा, ३०० लिहा, काही लिहा, फरक शून्य. २०४८ पिक्सेलचा फोटो २०४८ पिक्सेलचाच राहतो. प्रिंटला मात्र इंच आणि पीपीआय मिळून पिक्सेल ठरतात: ३०० पीपीआयला ४×६ म्हणजे १२००×१८००, ८×१२ म्हणजे २४००×३६००, १२×१८ म्हणजे ३६००×५४००. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल साधारण ६०००×४००० असते, म्हणजे १२×१८ पर्यंत काही ताणावं लागत नाही. लग्नाच्या अल्बमचं १२×३६ चं पान १०८००×३६०० होतं. एकच फोटो त्या पूर्ण पानभर पसरवायचा असेल तर तो फाटणारच, तिथे दोन-तीन फोटोंची मांडणी करा.

प्रिंटसाठी कापण्याचं काम स्वतः करा. कॅमेऱ्याचा फोटो ३:२, त्यामुळे ४×६, ८×१२ आणि १२×१८ ला तो बरोबर बसतो. ५×७, ६×८ किंवा ८×१० ला बसत नाही. तुम्ही कापला नाहीत तर मशीन मधोमध कापतं आणि कडेच्या काकूंचा अर्धा चेहरा जातो. शिवाय माप जुळवायला मशीन फोटो लहान-मोठा करतं, म्हणजे आपण केलेल्या शार्पनिंगवर आणखी एकदा पाणी.

पडद्यासाठी माझे आकडे:

- इन्स्टाग्राम: रुंदी बरोबर १०८० पिक्सेल, उभा फोटो १०८०×१३५०. यापेक्षा रुंद फोटो ते स्वतः लहान करतं.
- फेसबुक: लांब बाजू २०४८.
- व्हॉट्सॲप, साधा फोटो म्हणून: लांब बाजू १६००. तसंही ते फोटो साधारण एवढाच करून पाठवतं, मग लहान करण्याचं काम आपणच चांगल्या रीतीने केलेलं बरं. २०२३ मध्ये आलेला एचडीचा पर्याय यापेक्षा मोठा फोटो जाऊ देतो, पण पुन्हा दाबतोच.
- लॅबला किंवा छपाईला व्हॉट्सॲपवरून पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइल जशीच्या तशी जाते.

लाइटरूममध्ये ‘डोन्ट एनलार्ज’ची खूण कायम लावून ठेवा. जास्त कापलेला एखादा फोटो गुपचूप फुगवला जातो आणि सगळ्या संचात तोच एक मऊ दिसतो.

गणपती मंडळाच्या फ्लेक्सबद्दल एवढंच: फ्लेक्स लांबून बघतात. १०×८ फुटांचा फ्लेक्स ७२ पीपीआयला ८६४०×६९१२ होतो आणि तेवढं पुरतं. फ्लेक्सवाला ३०० मागत असेल तर त्याला इंच की फूट ते विचारा.

शार्पनिंग दोनदा करायचं, दोन वेगळ्या कारणांसाठी

शार्पनिंगचे टप्पे पाडून विचार करण्याची पद्धत ब्रूस फ्रेझर यांनी रुळवली. २००६ मध्ये ते गेले, पण लाइटरूमच्या एक्सपोर्टमधलं ‘आउटपुट शार्पनिंग’ आजही त्याच विचारावर उभं आहे. पहिला टप्पा कॅमेऱ्यातून येणारा मऊपणा काढायचा. शेवटचा टप्पा आकार बदलल्याने आणि कागदावर शाई पसरल्याने जाणारी धार भरून काढायची. मध्ये आपल्या आवडीचं डोळे, दागिने, दगडाचा पोत असं काही उठवायचं. या कामांची सरमिसळ केली की फोटो एका ठिकाणी खरखरीत आणि दुसऱ्या ठिकाणी पुसट दिसतो.

पहिला टप्पा डेव्हलपमधल्या डिटेलच्या चौकटीत. रॉ फाइलला लाइटरूम मुळात अमाउंट ४०, रेडियस १.०, डिटेल २५, मास्किंग ० लावून देतं. त्यातला शून्य मास्किंग मला पटत नाही. ऑल्ट दाबून मास्किंगची पट्टी ओढली की चित्र काळं-पांढरं होतं: पांढऱ्या भागाला धार लागते, काळ्याला नाही. जेजुरीच्या फोटोत मी ते ६० पर्यंत नेलं. पायऱ्यांच्या कडा, पालखीचे गोंडे आणि चेहरे पांढरे राहिले, भंडाऱ्याचे लोट आणि आकाश काळं झालं. भंडारा ही धूळ आहे, तिला धार लावली तर रवा दिसतो. हे सगळं १०० टक्क्यांवर बघूनच करा, फिट व्ह्यूमध्ये दिसतं त्यावर विश्वास नको.

शेवटचा टप्पा आकार ठरल्यानंतरच. लाइटरूम एक्सपोर्टमध्ये तो क्रम आपोआप पाळतं, आपण फक्त पडदा, मॅट कागद किंवा ग्लॉसी कागद आणि लो, स्टँडर्ड किंवा हाय निवडायचं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामला मी स्क्रीन, स्टँडर्ड ठेवतो. व्हॉट्सॲपला लो. तिथे पुन्हा दाबादाबी होणार असते आणि जास्त धार लावलेल्या कडांभोवती ती घाण करते. प्रिंटला कागदाप्रमाणे ग्लॉसी किंवा मॅट, स्टँडर्ड. कागदासाठीच्या शार्पनिंगला प्रिंटचं खरं माप लागतं, म्हणून इथे पीपीआयच्या चौकटीत ३०० बरोबर लिहिलेलं हवं. मॅटसाठी काढलेली फाइल पडद्यावर बघाल तर अंगावर येईल. घाबरू नका, मॅट कागद ती धार खाऊन टाकतो.

फोटोशॉपमध्ये हा क्रम हाताने पाळावा लागतो. आधी इमेज साइझ, मग फ्लॅटन केलेल्या प्रतीवर अनशार्प मास्क. वेबसाठी रेडियस ०.३ ते ०.५ आणि अमाउंट ५० ते ८० पासून सुरुवात करा. प्रिंटच्या रेडियससाठी एक जुना ढोबळ हिशेब आहे, पीपीआयला २०० ने भागा: ३०० ला १.५. आकार कमी करताना ‘बायक्यूबिक शार्पर’ निवडलं असेल तर अमाउंट निम्म्यावर आणा, नाहीतर धार दोनदा लागते. रॉथेरपीत रिसाइझच्या चौकटीतच पोस्ट-रिसाइझ शार्पनिंग आहे, ते चालू करा. डार्कटेबलमध्ये एक्सपोर्टच्या चौकटीत हाय क्वालिटी रिसॅम्पलिंगला ‘यस’.

जास्त झालं हे ओळखायचं कसं? काळ्या दगडाची कड आकाशाला जिथे भिडते तिथे बघा. कडेला पांढरी बारीक रेघ दिसली तर जास्त झालं. फोरके किंवा रेटिना पडद्यावर काम करणाऱ्यांनी जरा जपून. तिथे १०० टक्क्यांवर पिक्सेल इतके बारीक असतात की सगळंच मऊ वाटतं आणि हात सैल सुटतो. अशा पडद्यावर २०० टक्क्यांवर एकदा बघा, आणि शेवटचा निकाल साध्या फोनवर लावा.

जेपीजीचा दाब

जेपीजी १९९२ पासून आहे आणि अजून ८×८ पिक्सेलच्या चौकटींत चित्र तोडून साठवतं. फार दाबलं की त्या चौकटी दिसतात आणि भंडाऱ्यासारख्या सलग छटेत आधी दिसतात. लाइटरूमची क्वालिटीची पट्टी ० ते १०० असली तरी आत मुळात तेराच पायऱ्या आहेत, त्यामुळे ७८ आणि ८३ मध्ये फरक शोधत बसू नका. पडद्यासाठी मी ८० च्या आसपास ठेवतो, प्रिंटसाठी ९० च्या पुढे. १०० केल्याने फाइल कित्येकदा दुपटीहून मोठी होते आणि डोळ्याला काही मिळत नाही.

‘लिमिट फाइल साइझ’ला हात लावू नका. त्याने साध्या आकाशाच्या फोटोला भरपूर क्वालिटी मिळते आणि गर्दीच्या फोटोला कमी, म्हणजे एकाच संचात दोन तऱ्हेचे फोटो.

जेपीजी रंगाचा तपशील उजेडापेक्षा कमी साठवू शकतं, आणि तसं झालं की काळ्यावरची लाल किंवा भगवी अक्षरं कडेला पसरतात. फोटोशॉपच्या सेव्ह ॲजमध्ये क्वालिटी ७ किंवा वर ठेवली की ही काटछाट होत नाही. आणि एक्सपोर्ट झालेली जेपीजी पुन्हा उघडून, कापून, पुन्हा सेव्ह करू नका. कापायचं असेल तर मुळाशी जा आणि नवी फाइल काढा.

लॅब आणि छापखाना

लॅबच्या मशीनमध्ये आपोआप रंग आणि घनता सुधारण्याची सोय असते. बहुतेक गिऱ्हाइकं मोबाइलचे कच्चे फोटो आणतात, त्यांच्यासाठी ती वरदान आहे. आपल्या एडिट केलेल्या फोटोत मात्र मशीनला एवढा पिवळा खटकतो आणि ते त्यात निळा ओततं. माझ्या प्रिंटमधला मोहरीचा पट्टा असाच पुरा झाला. म्हणून प्रिंट टाकताना तोंडाने सांगायचं आणि पाकिटावर लिहायचंही: करेक्शन करू नका.

मोठी प्रिंट काढण्याआधी ४×६ च्या तीन प्रिंट काढतो. एक आहे तशी, एक एक्स्पोजर ०.२ ने वर, एक ०.४ ने वर. मागे पेन्सिलीने आकडे. त्या दिवसा खिडकीशी बघायच्या, दुकानातल्या ट्यूबखाली नाही. ज्या प्रिंटमध्ये चेहरे पडद्याशी जुळतात तो आकडा त्या लॅबचा, त्या कागदाचा. लॅब कागदाचं आयसीसी प्रोफाइल देत असेल तर ते सॉफ्ट प्रूफिंगमध्ये लावून बघा, पण तीन छोट्या प्रिंटांइतकं स्पष्ट उत्तर मला अजून कशाने दिलेलं नाही.

दिवाळी अंकाला किंवा पुस्तकाला फोटो देताना नियम थोडा बदलतो. ऑफसेटची छपाई सीएमवायकेत, म्हणजे चार शायांत, होते. चांगल्या आर्ट पेपरवरची पिवळी शाई काही छटांत एसआरजीबीच्या पुढे जाते, झगझगीत भगवा आणि गडद निळा मात्र मागे पडतात. तिथे मी छापायच्या मापाला ३०० पीपीआयची, ॲडोबी आरजीबीची टिफ देतो, प्रोफाइल बसवलेली, आणि फाइलबरोबर तसं लिहून देतो. छापखान्याने स्वतःचं प्रोफाइल दिल्याशिवाय मी सीएमवायके करत नाही. शार्पनिंगही हलकं ठेवतो, कारण पानावर फोटो किती मोठा लागणार ते मांडणीकार ठरवतो.

एकदा ठरवा, मग प्रीसेटवर सोडा

माझे चार प्रीसेट आहेत: इन्स्टा, फेसबुक, व्हॉट्सॲप, प्रिंट. प्रत्येकात आकार, प्रोफाइल, शार्पनिंग, क्वालिटी आणि फाइलच्या नावामागे जोडायचं शेपूट ठरलेलं. नावातच ‘व्हॉ’ किंवा ‘१२×१८’ असलं की चुकीची फाइल लॅबला जात नाही. प्रत्येकाचा फोल्डर वेगळा. एकाच वेळी चारही प्रीसेटवर खूण करून एक्सपोर्ट करता येतं.

मग तपासणी, आणि ती लाइटरूमच्या बाहेर. लाइटरूममध्ये दिसतो तो मूळ फोटो, लोकांपर्यंत जाते ती फाइल. फाइल ब्राउझरमध्ये ओढून टाका आणि बघा. प्रॉपर्टीजमध्ये पिक्सेल आणि रंगाचं प्रोफाइल वाचा. आपल्या फोनवर आणि दुसऱ्या कुणाच्या तरी साध्या फोनवर बघा. भडक रंगांचा मोड चालू असलेल्या फोनवर सगळंच लिंबू सरबत होतं, हे भावाच्या फोनने शिकवलं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘व्हिव्हिड’ ऐवजी ‘नॅचरल’ केल्यावर माझा भंडारा त्याच्याकडेही हळदीचाच निघाला. सगळ्या नातेवाइकांच्या फोनांची सेटिंग बदलत फिरणं शक्य नाही, त्यामुळे तेवढं सोडून दिलं.

प्रीसेट बदलायचा झालाच तर एका ठरलेल्या फोटोवर तपासा. माझा तोच जेजुरीचा फोटो आहे: त्यात माणसांचे चेहरे आहेत, पांढरी टोपी आहे, काळा दगड आहे आणि पिवळा आहे.

तो मागच्या महिन्यात पुन्हा १२×१८ ला टाकला. आता लॅबमधला मुलगा मला ओळखतो. पेनड्राइव्ह लावता लावता त्याने विचारलं, “सर, पिवळा जरा जास्तच वाटतोय, मारू का करेक्शन?” मी पाकिटावर लिहिलेलं दाखवलं.